जरा सरकून घ्या

घर लहान आहे म्हणून माणसाला जागा पुरत नाही, हे खरं नाही. घराला माळा आहे म्हणून पुरत नाही. ज्या घराला माळा नसतो त्या घरातला माणूस फुटकी बादली टाकून देतो. माळा असलेला माणूस ती हातात घेऊन वर बघतो आणि म्हणतो, "राहू दे, कधीतरी लागेल." आमच्या माळ्यावर एक पितळी स्टोव्ह आहे, पण त्याची पिन नाही. एका पाळण्याची एक बाजू आहे. दुसरी बाजू धाकट्या भावाच्या माळ्यावर आहे. वाटण्या अगदी न्यायाने झाल्या. त्या पाळण्यात आता दोघांपैकी कुणालाही मूल झोपवता येत नाही, पण आपला हिस्सा टाकून देण्याची बुद्धीही दोघांना होत नाही.

एके काळी या रोगावर बोहारीण हा रामबाण उपाय होता. ती दारात बसायची, जुनी पातळं उजेडात धरून त्यांतून रस्ता बघायची आणि दोन तास हुज्जत घालून एक पातेलं ठेवून जायची. टाकून देण्याचं दुःख पातेल्याच्या चकाकीत विरघळून जायचं. संगणकाच्या दारात बोहारीण येत नाही. दहा हजार फोटो द्यायची तुमची तयारी असली तरी त्यावर कुणी तुम्हाला आमटीची वाटीसुद्धा देणार नाही. त्यामुळे संगणकात साठलेलं काढताना माणसाचा हात चालत नाही, असं माझं मत आहे.

माळा आणि संगणक यांत फरक एवढाच, की माळा बिचारा मुकाट सोसतो आणि संगणक बोंब मारतो. 'धिस पीसी' या चित्रावर टिचकी मारली की सी ड्राइव्हच्या नावाखाली एक आडवी पट्टी दिसते. ती निळी आहे तोवर माणूस सुखी. शिल्लक जागा दहा टक्क्यांच्या आत आली, की पट्टी तांबडी होते. आमची पट्टी २०२५ च्या दसऱ्यानंतर तांबडी झाली. म्हणजे बायकांनी दिवाळीची झाडलोट काढायची आणि पुरुषांनी अचानक महत्त्वाच्या कामाला लागायचं, ऐन त्या मुहूर्तावर. संगणकाची साफसफाई हे घरबसल्या, पंख्याखाली करता येण्याजोगं महत्त्वाचं काम आहे, हे मला पट्टी तांबडी झाली त्या क्षणी पटलं.

"अहो, माळा कधी काढणार?" हिने विचारलं.

"आधी सी ड्राइव्ह," मी म्हणालो.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्याकडे जागा होती तरी किती, याचा हिशेब. खोक्यावर छापलं होतं २५६ जी. बी. आणि पडद्यावर दिसत होते २३८. मधले अठरा गेले कुठे? मी आयुष्यभर बँकेत काम केलं. अठरा पैशांचा फरक आला तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसत असू. इथे तर अठरा जी. बी. पण शोध घेतला तेव्हा कळलं, की चोरी झालेलीच नाही. डिस्क बनवणारा एक जी. बी. म्हणजे नीट शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र १०२४ च्या पाढ्याने मोजते, त्यामुळे तिचा एक जी. बी. होतो १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांचा. बाइट तेवढेच, माप मोठं, म्हणून आकडा लहान. पूर्वी देणाऱ्याचा शेर आणि घेणाऱ्याचा शेर वेगळा असे, त्यातलाच हा प्रकार. दोघेही देवाशपथ खरं बोलत असतात आणि मधल्या मध्ये गिऱ्हाइकाची वाटी अपुरी भरते.

तरीही कुरकुर करण्याचा आपल्याला हक्क नाही. १९५६ साली आय. बी. एम. कंपनीने जी पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, ती गोदरेजच्या कपाटाहून थोराड होती, वजन टनाच्या घरात होतं, आणि एवढं सगळं करून तिच्यात पन्नास लाख अक्षरं मावत. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो तिच्यात बसवायचा म्हटला तर त्याला अंग चोरूनच बसावं लागलं असतं. त्या काळी कुणाही शहाण्या माणसाने तिच्यात उकडीच्या मोदकाचे चौदा फोटो ठेवले नसते. आमच्याकडे ते आहेत. चौदाही फोटोंत मोदक तोच आहे. फक्त तेराव्यात हिचा अंगठा आला आहे.

जागा कशी करू नये, हे शिकायचं असेल तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या आप्पांकडे जावं. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे साठा आणि विसर्ग या विषयांवर आपला अधिकार आहे, असं ते समजतात. त्यांच्या संगणकाची पट्टी तांबडी झाली तेव्हा त्यांनी पडद्यावरची निम्मी चित्रं पुसून टाकली. पट्टी तांबडीच! मग त्यांनी उरलेली निम्मीही पुसली. त्यांना कोण सांगणार, की पडद्यावरचं ते चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी असते. पाटी काढली म्हणून बिऱ्हाड थोडंच हलतं? बिऱ्हाड आत यथास्थित बसलेलं, स्वयंपाक चाललेला, आणि आता पाटी नाही म्हणून घरमालकालाच दार सापडेना. प्रोग्रॅम काढायचा तर सेटिंग्जमध्ये जाऊन, त्याच्या नावासमोर 'अनइन्स्टॉल' म्हणून, रीतसर नोटीस देऊनच काढावा लागतो. नुसता त्याचा फोल्डर उचलून फेकला तर भाडेकरू जातो, पण त्याच्या खुंट्या, खिळे आणि नावावर येणारी पत्रं तशीच राहतात.

आप्पांची दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्यांनी तीन वर्षांचे आयकराचे कागद रीसायकल बिनमध्ये ठेवले होते. ठेवले होते म्हणजे खरोखरच, नीट, वर्षवार. मी विचारलं, "आप्पा, ही कचऱ्याची टोपली आहे ना?" ते म्हणाले, "पण ती समोरच असते. हाताशी." त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. टोपलीत टाकलेली फाइल जात नाही, तिथेच राहते आणि जागाही तेवढीच अडवते. टोपली रिकामी करीपर्यंत एका बाइटाचीही सुटका होत नाही. मात्र विंडोजमध्ये 'स्टोरेज सेन्स' नावाची एक सोय आहे. ती चालू केली, की टोपलीत तीस दिवसांहून जास्त मुक्काम झालेल्यांना ती न विचारता वाटेला लावते. आप्पांच्या सुदैवाने त्यांनी कुठलीच सोय कधी चालू केलेली नव्हती. त्याच संध्याकाळी आम्ही ते कागद टोपलीतून उचलून एका नव्या फोल्डरात ठेवले. आप्पा अजून तक्रार करतात, की आता ते सापडत नाहीत.

असो. आमच्या कामाला पुण्याहून भाचा आला. तो हिंजवडीला संगणकाच्याच कंपनीत आहे. 'संगणकाच्याच कंपनीत आहे' एवढंच मला त्याच्या नोकरीबद्दल माहीत आहे आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, तेवढंही नाही. साताऱ्यात उतरल्यापासून त्याने एकामागून एक सहा कंदी पेढे खाल्ले आणि हात पँटला पुसून माऊस हातात घेतला.

अडगळ काढायला मदतीला येणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक जात प्रत्येक वस्तू हातात घेऊन "हे कधीचं हो?" असं विचारत बसते, तिच्यामुळे काम होत नाही. दुसरी जात काहीच विचारत नाही. तिच्यामुळे काम फार होतं. भाचा दुसऱ्या जातीचा.

पण यंत्राने स्वतः केलेल्या कचऱ्याच्या बाबतीत ही दुसरी जातच बरी, हे मला कबूल आहे. तो कचरा आपला नसतोच. विंडोज दिवसभर स्वतःसाठी काहीबाही टिपणं करते आणि कामं झाली तरी ती फेकायची विसरते. त्यांना 'टेंपररी फाइल्स' म्हणतात. आमच्याकडे त्या नऊ जी. बी. भरल्या. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'स्टोरेज', तिथे त्यांची यादी मिळते, खुणा करून पुसता येतात. मी डोळे मिटून होकार दिला. दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही विंडोज दहा सोडून अकराव्या विंडोजमध्ये राहायला गेलो होतो, कारण दहाव्या विंडोजची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार होती. तेव्हा जुनी विंडोज अख्खीच्या अख्खी 'विंडोज.ओल्ड' नावाने मागच्या खोलीत ठेवलेली होती. वीस जी. बी. भाच्याचा हात तिकडे गेला. मी तो धरला. कारण नवं घर मानवलं नाही तर परत जाता यावं म्हणून ती जुनी ठेवलेली असते. ती एकदा पुसली की परतीची वाट बंद. बरं, पुसायची घाई तरी कशाला? दहा दिवस झाले की विंडोज आपणच तिचं दहावं घालते. तसंच झालं. पुढच्या रविवारी ती नव्हती, आणि आम्ही बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

भाचा मग खोल खोल शिरला आणि 'विन-एस-एक्स-एस' अशा, पोलिसांच्या गाडीवर शोभेल अशा नावाच्या एका फोल्डरपाशी थांबला. फोल्डर अवाढव्य. पण नवल म्हणजे तो स्वतःच मागे सरला. "मामा, याला हात नाही लावायचा," तो म्हणाला. विंडोजच्या दुरुस्तीचं सगळं सामान त्यात असतं. शिवाय तो दिसतो तेवढा मोठा नसतो. एकच फाइल दोन दारांवर दोन पाट्या लावून बसलेली असते आणि मोजणारा तिला दोनदा मोजतो. आमच्या चाळीत शिरगणतीच्या वेळी असंच होत असे. झोपेची एक फाइलही होती, तीन जी. बी.ची. संगणक गाढ झोपण्यापूर्वी डोक्यात चाललेलं सगळं तिच्यात उतरवून ठेवतो म्हणे. मी म्हटलं, राहू दे. झोपण्यापूर्वी डोक्यातलं काढून ठेवायची सोय मला कुणी दिली असती तर मी तीसही जी. बी. मोजले असते.

यंत्राचं झालं. आता आमचं.

'डाउनलोड' हा फोल्डर म्हणजे घरातली ती खुर्ची, जिच्यावर कुणी बसत नाही पण सगळे कपडे टाकतात. त्यात एकतीस जी. बी. निघाले. एक विजेचं बिल. पुन्हा तेच बिल, पुढे कंसात एक. पुन्हा तेच, कंसात दोन. असं कंसात सातपर्यंत. एकच बिल आठ वेळा उतरवण्याचं कारण असं, की पहिल्या सात वेळी ते कुठे उतरलं हे मिळालं नाही. पण बिलं दिसतात बारा तेरा, वजनाने नगण्य. खरा जागा खाणारा कोपऱ्यात गुपचूप बसलेला असतो. फायली आकारमानाने लावून बघितल्या तेव्हा सहा जी. बी.चा एक सिनेमा निघाला. तो चिरंजीवांनी बंगलोरला जाण्याआधी उतरवला होता आणि घरात कुणीही पाहिलेला नव्हता. एका कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम निघाला. तो कॅमेरा मोडून आठ वर्षं झाली. ही दोन-चार धुडं उचलली आणि वीस जी. बी. मोकळे झाले. हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे. माणूस तासभर बसून चिठ्ठ्याचपाट्या वेचतो आणि खोलीच्या मधोमध ठेवलेलं धान्याचं रिकामं पिंप त्याला दिसतच नाही.

मग भाच्याने विचारलं, "मामा, फोटो झिप करून ठेवूया का? लहान होतील." (हे त्याने माझी परीक्षा घेण्यासाठी विचारलं, असं तो नंतर म्हणाला. मला तसं वाटत नाही.) मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ जन्मतःच दाबून बसवलेले असतात. त्यांना पुन्हा दाबणं म्हणजे वाळलेली आमसुलं पुन्हा उन्हात घालण्यासारखं आहे. ऊन वाया जातं, आमसूल तेवढंच राहतं.

फोटोंचा विषय निघाल्यावर ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि आपली खुर्ची ओढून बसली. तिच्या मोबाइलची नक्कल आमच्या संगणकात चार वेळा उतरलेली होती. फोल्डरांची नावं 'मोबाइल', 'मोबाइल नवीन', 'मोबाइल सगळं' आणि 'मोबाइल शेवटचं'. 'शेवटचं' हे 'नवीन'च्या आधीचं होतं. चारही फोल्डरांत मिळून माणसं थोडी आणि सूर्योदय फार. रोज सकाळी कुणीतरी तिला एक सूर्य, एक गुलाब, चहाचा एक कप आणि आयुष्याविषयी एक वाक्य पाठवतं. ही गोष्ट जागतिक महत्त्वाची आहे. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी छापली, की भारतातल्या लोकांचे फोन इतके भरतात कसे, याचा गूगलच्या संशोधकांनी माग काढला, तेव्हा ते थेट या 'गुड मॉर्निंग'पाशी येऊन पोचले. आम्ही असे दोन हजारांवर सूर्य एका दुपारी मावळवले. हिने फक्त एक ठेवला. तो तिच्या मावशीने पाठवला होता, आणि मावशी आता नाही. मी काही बोललो नाही. सूर्य होता एकशे दहा के. बी.चा.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललं की भाच्याच्या जातीच्या लोकांना वेग चढतो. त्याने वर शोधायच्या चौकटीत 'टेस्ट' असा शब्द टाकला. "मामा, ज्या फाइलचं नाव टेस्ट, ती शंभर टक्के कचरा. आम्ही ऑफिसात डोळे झाकून उडवतो." पडद्यावर त्रेपन्न फायली आल्या. त्याने सगळ्यांना एकदम निळं केलं. डावा हात शिफ्टच्या बटणावर, उजवा डिलीटवर. ही दोन बटणं जोडीने दाबली की फाइल टोपलीतसुद्धा जात नाही, थेट जाते. जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर पुसलेली फाइल निदान काही काळ तिथेच पडून असे. यादीतून नुसतं नाव खोडलेलं असे, जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस ती उकरून काढू शके. नव्या एसएसडीत ती गंमत नाही. पुसलं की विंडोज तसं डिस्कला कळवते, आणि डिस्क सवडीने जागा खरोखरच धुऊन काढते. मग जाणकार माणूसही नुसती मान हलवतो.

"अरे थांब," ही म्हणाली. "माझ्या थायरॉइडच्या टेस्टा आहेत त्यात."

होत्या. अकरा. शिवाय माझ्या साखरेच्या पाच. एक चिरंजीवांची बारावीची सराव परीक्षा, जिचे गुण आम्हाला कधीच सांगण्यात आले नव्हते. (कळले. आता काही उपयोग नाही.) भाच्याने बटणांवरून हात काढले आणि कानाची पाळी खाजवली. मी म्हटलं, आता एकेक उघडायची. उघडून बघितल्याशिवाय इथून काही जाणार नाही. तो म्हणाला, मामा, याने रात्र होईल. मी म्हटलं, होऊ दे, पेढे आहेत.

चाळिसावी की एकेचाळिसावी फाइल नुसती 'टेस्ट १' होती. २००६ सालची, सव्वा एम. बी.ची, आवाजाची. चिरंजीवांनी तेव्हा कानाला लावायचं यंत्र आणलं होतं, त्याला पुढे बोलायची दांडी होती, तिची चाचणी घेतली असणार. त्यानंतर आमच्या घरात चार संगणक झाले. दर वेळी जुन्यातलं सगळं उचलून नव्यात ओतलं, त्याबरोबर हीही ओतली गेली, पण एकोणीस वर्षांत तिला कुणी कान लावला नव्हता. भाच्याने टिचकी मारली.

आधी चिरंजीवांचा फुटका आवाज, "हॅलो, हॅलो, वन टू थ्री." मग खुर्ची सरकल्याची करकर. आणि मग मागून, दारातून, माझी आई.

ती इस्त्रीवाल्या पोराला कपडे मोजून देत होती. "चार शर्ट. दोन पँटी. हे बघ, डाग आहे, हा तुझा नाही, आमचाच आहे, लिहून ठेव. माझं निळ्या काठाचं पातळ, त्याला फार तापवू नको रे, मागच्या खेपेला काठ कडक केलास. आणि काय रे, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? तीळतेल लाव म्हणावं. चार शर्ट झाले ना? दोन उशीचे अभ्रे. आणि टॉ—"

संपलं. त्या काळच्या विंडोज एक्सपीतला ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम एका दमात साठ सेकंदच घेई. एकसष्टाव्या सेकंदाला आईला काय म्हणायचं होतं, ते गेलं.

आईचे आमच्याकडे फोटो आहेत. पुष्कळ आहेत. बहुतेकांत ती फोटो काढणाऱ्याकडे 'आटप' अशा नजरेने बघते आहे. पण आवाज नव्हता. ती जाऊन बारा वर्षं झाली, आणि तिचा आवाज कसा होता हे मला आठवतं असं मी समजत होतो. तो आठवत होतो त्याहून बारीक होता आणि घाईचा होता. हिने पदर नाकाला लावला आणि कणीक भिजवायची राहिली म्हणून उठून गेली. कणीक सकाळीच भिजवलेली होती. भाचा पडद्याकडे बघत बसला. त्याने विचारलं, "मामा, परत लावू?" आजी गेली तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता.

आम्ही ती नऊ वेळा ऐकली.

फुकटातली सफाई करून देणारे प्रोग्रॅम वर्तमानपत्रातल्या भविष्यासारखे जागोजाग उगवतात. 'तुमच्या संगणकात १,२४७ दोष आढळले' असं ते आल्या आल्या सांगतात. शनी वक्री आहे म्हणणाऱ्यासारखंच, आणि शांतीचे पैसेही तसेच लागतात. त्यांतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यांनी 'टेस्ट १' आधी काढली असती. नाव भिकार, एकोणीस वर्षांत एकदाही उघडलेली नाही, कुणी संपादित केलेली नाही. टाकण्याची सगळी लक्षणं तिच्या अंगी होती. यंत्राच्या हिशेबात तो सहा जी. बी.चा न पाहिलेला सिनेमा तिच्यापेक्षा पाच हजारपट मोठा. त्यात यंत्राचा दोष नाही, त्याला वजन कळतं. पण म्हणून आपली घरची अडगळ त्याच्या एकट्याच्या हाती सोपवू नये. खुद्द मायक्रोसॉफ्टला २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज दहाची नवी आवृत्ती वाटायचं मध्येच थांबवावं लागलं होतं, कारण काहींच्या घरी ती येताना त्यांच्या फायली घेऊन गेली.

रात्री जेवणं झाल्यावर हलवाहलव. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, सगळं क्लाउडवर टाका." ढगात ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवणं. गूगल पंधरा जी. बी. फुकट देतं, पण त्यात पत्रं, कागद, फोटो सगळं एकत्र. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात. वर हवं तर भाडं. भाड्याला माझी हरकत नाही. अडचण वेगळी आहे. अशा ठिकाणी घरचा फोल्डर आणि ढगातला फोल्डर एकमेकांशी दोरीने बांधलेले असतात. जागा करायची म्हणून इथे पुसलं, की तिथलंही निमूटपणे पुसलं जातं. इथली जागा मोकळी करून तिथलं राहू द्यायचं असेल तर 'फ्री अप स्पेस' असं वेगळं बटण असतं, आणि ते 'डिलीट'च्या जवळच बसवण्यात कुणाची काय बुद्धी असेल ती असो.

मी भाच्याला दोन सुट्या डिस्का आणायला लावल्या. दोन कशाला, तर एकीवर हलवून इथलं पुसलं म्हणजे वस्तू एकच राहते. खोली फक्त बदलते. आधी दोन्हींवर उतरवायचं, मग डिस्कवरचं उघडून बघायचं, दहा-पंधरा फोटो, एखादा व्हिडिओ, 'टेस्ट १' तर पुरती शेवटच्या 'टॉ'पर्यंत. आणि मग इथलं काढायचं. एक डिस्क आमच्या लोखंडी कपाटात हिच्या पाटल्यांशेजारी ठेवली. दुसरी भाचा पुण्याला घेऊन गेला. आमचं घर जळलं तरी आई पुण्याला सुरक्षित, असं मी हिला म्हणालो. ती म्हणाली, "जळायचं काही बोलू नका, आणि माळ्यावरचा तो स्टोव्ह आधी काढा."

पट्टी निळी झाली. एकंदर ब्याण्णव जी. बी. रिकामे.

त्या निळाईचा आनंद मला तीन दिवस मिळाला. भाच्याने पुण्याला जाऊन बहिणीला आवाज ऐकवला. तिने तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. गटात सत्तावीस माणसं आहेत, पैकी नऊ आमच्या ओळखीची. लगेच वाद सुरू झाला. धाकटा भाऊ म्हणाला, 'टॉ' म्हणजे टॉवेल, उघड आहे. बहीण म्हणाली, आई टॉवेल इस्त्रीला कधी देतच नसे, उधळपट्टी वाटायची तिला. वहिनी म्हणाल्या, पाहुणे असले की देत असत. त्या दिवशी पाहुणे कोण होते, यावर गाडी गेली, आणि २००६ सालच्या त्या आठवड्यात आमच्याकडे कोण उतरलं होतं आणि किती दिवस राहिलं होतं, याचे जुने हिशेब निघाले. दोन माणसं गट सोडून गेली. नागपूरच्या चुलत वहिनींनी मात्र भांडणात भाग घेतला नाही. त्यांनी आईच्या आवाजामागे बासरी घातली, समोर उमलणारा गुलाब, समई, उगवता सूर्य आणि खाली फिरती अक्षरं अशी सजावट करून त्याचा व्हिडिओ केला आणि सकाळी सहा वाजता सर्वांना पाठवला.

ही म्हणाली, "अहो, हाही उतरवून ठेवा हं."

उतरवला. बासरीमुळे 'तीळतेल' नीट ऐकू येत नाही. सव्वा एम. बी.ची आई आता अठ्ठेचाळीस एम. बी.ची झाली आहे.